तीन बोटं कमी

जगदलपूर, अमरकंटक, चिल्का. माझी गाडी कुठे कुठे जाऊन आली, आणि मला पाडलं ते घराच्या तीन किलोमीटर आधी, रानडुकरानं. हे सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं. घाटात दरड कोसळली असती, नाहीतर ट्रकनं उडवलं असतं, तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं. लोक विचारायचे, कसं झालं? मी म्हणायचो, डुक्कर. मग त्यांच्या तोंडावर आधी हसू यायचं आणि ते लपवायला मागून कीव यायची.

डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं. नागपूरला दोनदा उघडलं, आत सळई घातली. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. डॉक्टरांनी ते सेंटिमीटरमध्ये सांगितलं. घरी आल्यावर बाबांनी मला भिंतीला टेकवून सरळ उभं केलं, माझ्या अधांतरी राहिलेल्या डाव्या टाचेखाली आपल्या हाताची बोटं आडवी सरकवली आणि म्हणाले, "तीन बोटं कमी हाय."

आम्ही पवनीचे विणकर. काठ किती, पदर किती, हे आमच्या घरात बोटांनीच मोजत आले. बाबांची बोटं कधी चुकत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणूनच त्या दिवशी मला त्या बोटांचा राग आला.

मी स्वतः विणकर झालो नाही. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसणं मला जमलं नाही. बाजारात एक लहानसं कापडाचं दुकान आहे, तिथे मी बसतो, कारण कुठेतरी बसावं लागतं. गाडीवर बसलो की मात्र मी कोणीतरी असायचो. लांबच्या प्रवासाची ती भली जड मोटरसायकल, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे गुंडाळलेली ताडपत्री. वर्षातून एकदा आठ-दहा दिवस निघून जायचो आणि त्या आठवड्यावर उरलेलं वर्ष काढायचो. सळईचा पाय घेऊन खाटेवर पडलो असताना मला एकच गोष्ट हवी होती. पुन्हा ती गाडी चालवता आली पाहिजे. ती चालवता येणार नसेल तर पुढचं सगळं आयुष्य म्हणजे दुकानाचं शटर वर आणि शटर खाली, एवढंच दिसत होतं, आणि त्याची मला धडकी भरायची.

गाडी चालवायला तसा दोन्ही पायांचा उपयोग होत होता. अडचण थांबण्याची होती. उजवा पाय ब्रेकवर असतो, म्हणून थांबताना जमिनीला टेकवायचा तो डावाच. एवढं वजन एका पायावर तोलायचं, तर तळवा पुरता टेकायला हवा. माझा अंगठासुद्धा जेमतेम लागत होता.

दवाखान्यातून एक जोडा मिळाला होता, डाव्या पायासाठी, जाड काळ्या तळाचा. तो घातला की मी सरळ चालत होतो. पण तो इतका जाड होता की माणसाआधी जोडा दिसायचा. पहिल्याच दिवशी तो घालून बाजारातून गेलो आणि ज्यांच्याबरोबर शाळेत शिकलो त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहायच्या आधी पायाकडे पाहिलं. तिथून थेट घाटावर गेलो, जोडा काढला आणि वैनगंगेत फेकून दिला.

ती वाहून नेईल असं मला वाटलं होतं. पण गोसीखुर्दचं धरण झाल्यापासून आमच्याकडे नदी वाहत नाही, नुसती उभी राहते. जोडा तिथेच तरंगत राहिला. डोंग्यातून जाळं ओढणाऱ्या एका ढिवरानं तो पाहिला, उचलला आणि ओरडला, "ओ भाऊ, तुमचा जोडा पडला!"

"माझा नाही," मी म्हटलं. माझा एक पाय अनवाणी होता.

त्यानं तो उलटापालटा करून पाहिला. "एकच हाय. जाडा हाय न. कोण्या लंगड्याचा दिसते," असं म्हणून त्यानं तो पायरीवर नीट ठेवला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण जो शब्द मी इतके महिने घरात कोणाला उच्चारू दिला नव्हता, तो असा पाण्यावरून चालत आला. मी घरी कसा गेलो ते आठवत नाही.

बाबा मागावर होते. आमच्या आळीत एवढा एकच माग उरला होता. बाबा खड्ड्यात बसूनच माझ्याशी बोलायचे, हात थांबवायचे नाहीत. त्यांचा डावा गुडघा बारा वर्षांपूर्वी आखडला, पाय खालच्या पावडीपर्यंत पोचेना. पावडी म्हणजे पायानं दाबायची लाकडी पट्टी, ती दाबली की सुताचे पदर वर-खाली होतात. बाबांनी तिच्यावर सागाचा एक ठोकळा दोरीनं घट्ट बांधला आणि विणत राहिले. इतकी वर्षं दाबून त्या ठोकळ्यावर त्यांच्या पायाचा खोलगट ठसा उमटला होता. मला तो ठोकळा मागाचाच भाग वाटायचा.

"पाय पोचत नाई तं माणूस पाय लांब करते का? खड्डा बुजवते का?" बाबा म्हणाले. "ठोकळा बांधते अन् काम करते. तू बी बांध."

"मी काय माग आहे का, ठोकळे बांधायला?" मी त्यांच्यावर खेकसलो. मागाचा आवाज चालू राहिला.

तेव्हा मी ठरवलं की मी बदलणार नाही, गाडी बदलेल.

अड्याळला एक मिस्त्री होता. धान कापायची मोठी यंत्रं दुरुस्त करायचा, पण तरुणपणी नागपूरला बसगाड्यांचं काम केलेला. गाडी त्याच्याकडे टेम्पोतून नेली. त्यानं मला तिच्यावर बसवलं, माझ्या लोंबत्या पायाकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हिले हवेवर बसवू. मोठ्या बसमधी ड्रायव्हरच्या सीटखाली रबराचे फुगे राह्यते न, तसे मागच्या शॉकअपच्या जागी लावू. बटन दाबलं का हवा निघन, गाडी खाली बसन. दुसरं बटन दाबलं का हवा भरन, उठन."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. इतक्या महिन्यांत पायाला नावं न ठेवता बोललेला तो पहिला माणूस होता.

त्याला दीड महिना लागला. सीटखाली लहानसा कॉम्प्रेसर, पेटीच्या मागे हवेची टाकी, हँडलवर अंगठ्याजवळ दोन बटणं. मी दर दोन-तीन दिवसांनी दुकान बंद करून एसटीनं अड्याळला जायचो आणि त्याच्या डोक्यावर बसायचो. अखेर एके दिवशी त्यानं मला बसवून बटण दाबलं. फुस्स आवाज झाला आणि गाडी माझ्याखाली हळूहळू खाली गेली, म्हैस बसते तशी, आधी मागून. मनात तीन मोजेपर्यंत माझा तळवा जमिनीवर होता. पुरता तळवा. मी तिथेच रडलो, आणि मिस्त्रीनं पाठ फिरवून उगाचच पाने शोधायला घेतले.

तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

खाली उतरून दुरून गाडीकडे पाहिलं. मागून बसलेली, पुढून तोंड वर केलेली. पडेल, केविलवाणी. मला तिच्यात मी दिसलो. लोक बघतील आणि म्हणतील, लंगड्याची गाडी. हा विचार एकदा डोक्यात शिरला की निघेना. मोबाइलवर मी परदेशी गाड्यांची चित्रं पाहत बसायचो. तिकडे लोक हौसेनं गाडी हवेवर खाली बसवतात आणि पुढे भलंमोठं चाक लावतात. मग ती बसलेली दिसत नाही, दबा धरलेली दिसते. पुढे असं चाक असेल तर माझ्या पायाकडे कोण बघणार आहे?

"पुढचं चाक एकवीसचं करा," मी मिस्त्रीला सांगितलं. मूळचं सतरा इंचाचं होतं.

त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. "एकवीसचं तिथं मावणार नाई भाऊ. इंजनाच्या पुढच्या नळीले घासन. मान कापून पुढं झुकवा लागन." मान म्हणजे सांगाड्याचा तो भाग, ज्यात हँडल फिरतं. गाडीचा सगळा भार त्या एका जोडावर असतो.

"मग कापा."

"मान कापलेली गाडी पयल्यासारखी नाई राह्यत. अन् हळू चालवतानी हँडल जड होईन, आपोआप एका अंगाले पडन. जोरात काई वाटणार नाई. थांबतानीच तरास."

माझी सगळी अडचणच थांबण्याची होती. ती सोडवायला मी त्याच्याकडे आलो होतो. तरीही मी म्हटलं, कापा. इतका मूर्खपणा माणूस शुद्धीत करू शकतो, हे मला स्वतःवरून कळलं.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं वर पाहिलंही नाही. "पायाले जोडा घालाची लाज वाटते, अन् गाडीची मान कापाची नाई वाटत?" एवढंच म्हणाली. मी तिथून उठून गेलो.

चाक रायपूरहून आलं. मान कापली, झुकवली, पुन्हा जोडली. पुढचं चाक उंच झाल्यामुळे सीटही थोडी वर गेली. मागून काढलेलं पुढून भरलं. मग मिस्त्रीनं फुगे अजून खाली बसतील अशी व्यवस्था केली, त्यामुळे बसायला आणखी वेळ लागू लागला. पण दिसत होती! काळी कुळकुळीत, लांब, पुढे ते एवढं चाक. अड्याळच्या बाजारातली माणसं येऊन पाहून जात होती, आणि माझ्या पायाकडे एकानंही पाहिलं नाही.

गाडी आणायला मी बायकोला बरोबर नेलं. ती येत नव्हती, मी हट्ट केला. कोणीतरी बघायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर तिनं बघायला हवं होतं. एसटीनं गेलो, येताना ती माझ्या मागे बसली. मिस्त्रीच्या अंगणात मी दहा वेळा थांबून दाखवलं. ब्रेक, बटण, पाच मोजायचं, पाय. दहाही वेळा टेकला.

रस्ता लागला आणि पहिले काही किलोमीटर मी सुखी होतो. हे लिहून ठेवलंच पाहिजे. हवेवर गाडी अशी चालत होती की खड्डा आला हे नुसतं दिसायचं, लागायचं नाही. बायको मागून काही बोलत नव्हती, पण तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि अपघातानंतर तिनं असा हात पहिल्यांदाच ठेवला होता.

दिवाळी होऊन गेली होती, धानाचे दिवस. आमच्याकडे धान निघालं की डांबरी रस्त्याची एक बाजू शेतकऱ्याची. तापल्या डांबरावर धान पसरतात, कडेला ओळीनं दगड मांडतात, आणि येणारे-जाणारे उरलेल्या अर्ध्या रस्त्यानं जातात. यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. समोरासमोर गाड्या आल्या तर लहान गाडीनं धानाच्या कडेला थांबायचं आणि मोठीला जाऊ द्यायचं. मी जन्मभर असा थांबत आलो.

समोरून एसटी आली.

मी ब्रेक दाबला, बटण दाबलं आणि मोजू लागलो. एक. दोन. दोनला गाडी थांबली होती आणि मला पाचपर्यंत मोजायचं होतं. अंगणात मी आधीच ठरवून, हळूहळू थांबत होतो. इथे एसटी अंगावर येत होती. मोठं चाक मिस्त्री म्हणाला तसं आपोआप डावीकडे पडलं, त्याबरोबर हँडल गेलं. मी डावा पाय खाली टाकला. खाली जमीन नव्हती, आणि जेव्हा लागली तेव्हा तिच्यावर धान होतं. धान काय धरणार पायाला?

आम्ही डाव्या अंगावर धानात पडलो. बायको माझ्या मागे होती, आणि तिचा हात गाडीच्या पेटीखाली होता. ती ओरडली नाही. तिनं फक्त माझं नाव घेतलं, जे ती कधी घेत नाही.

आणि तेव्हा, आडव्या पडलेल्या गाडीतून, फुस्स करून उरलेली हवा निघाली. गाडी बसली.

धान चाळवणाऱ्या बाया पळत आल्या. चौघींनी गाडी उचलून बायकोला बाहेर काढलं. तिचं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. टाकीतलं पेट्रोल धानावर सांडत होतं. त्यांतली एक म्हातारी बायकोचा हात आपल्या ओच्यात धरून बसली, दुसरीनं पेट्रोलनं भिजलेलं धान पायानं बाजूला लोटलं. किती धान गेलं, कोण भरून देणार, असा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मनगटाला पट्ट्या बसल्या, वर प्लास्टर. गाडी ट्रॉलीतून घरी आली. मानेच्या जोडाला आरपार चीर गेली होती. फोटो पाहून मिस्त्री फोनवर म्हणाला, "आता हिले हात लावू नका भाऊ. जोडली तरी मी तुमाले चालवू देणार नाई." अंगणात तिला भिंतीला टेकवून ठेवली, ते एवढं चाक पुढे करून.

नंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. मी दुकान उघडलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. बायको एका हातानं कणीक मळायचा प्रयत्न करायची आणि परातीचा आवाज आतपर्यंत यायचा. एकदा मी मोठ्यानं म्हणालो, त्या डुकरानं मला मारलंच असतं तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरातून ती म्हणाली, "मराचं असन तं आधी भांडे घासून ठेवा." मी उठलो आणि भांडी घासली. मी ते खरंच मनापासून म्हणालो होतो आणि तिला ते कळलं होतं.

मग एका सकाळी मला जाग आली ती शांततेनं. मागाचा आवाज नव्हता. त्या आवाजाशिवायची सकाळ मी आई गेली तेव्हाच पाहिली होती. मी लंगडत मागाच्या खोलीत गेलो. बाबा खड्ड्याबाहेर, जमिनीवर बसले होते. विणलेला तुकडा कापून घडी करून ठेवला होता, पुढचं न विणलेलं सूत मागावर तसंच ताणलेलं होतं. त्यांच्या मांडीवर माझी डाव्या पायाची जुनी चप्पल होती आणि तिच्या तळाला तो सागाचा ठोकळा. मागाच्याच खिळ्यांनी ठोकला होता. वरून पाय घट्ट धरायला सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी. कडा तासून गोल केल्या होत्या.

"तीनच बोटं हाय," ते म्हणाले. "मी मोजला."

"बाबा, मग तुमचा माग?"

"मी काय, बसलो तेवढा बसलो."

"दुसरं लाकूड मिळालं असतं की!"

"नवं लाकूड चिरते. हे बारा वर्षं दाबलं, चिरलं नाई. तुले धरन." मग माझ्याकडे न पाहता, "घाल रे. म्हणू दे कोणी काई."

पुढे मी त्यांच्यासाठी नवा ठोकळा करून पावडीला बांधला. ते एक दिवस बसले. म्हणाले, पायाले लागत नाई, आणि उठले. पुन्हा बसले नाहीत.

पण त्या सकाळी मी चप्पल घातली आणि अंगणात गेलो. का गेलो कोण जाणे. गाडी भिंतीपासून सरळ केली, तिच्यावर बसलो आणि हवा भरायचं बटण दाबलं. बॅटरीत जीव होता. कॉम्प्रेसर घरघरला, फुगे भरले, गाडी उठत गेली, तिच्या मूळच्या उंचीपेक्षाही वर, त्या मोठ्या चाकामुळे. पुरती उठल्यावर मी डावा पाय खाली सोडला.

बाबा दारात येऊन उभे होते. त्यांच्या मागे बायको, गळ्यात हात बांधलेला.

"टेकला?" बाबांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. ठोकळ्यावरचा त्यांच्या पायाचा ठसा आता खालच्या बाजूला होता, जमिनीला लागून.

"टेकला," मी म्हटलं.

बायकोनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाबा मान हलवून आत गेले. मागावरचं ते सूत अजून तसंच आहे.